पहिल्या ट्रायथलॉनचा प्रश्न पाण्यात सुटतो

२० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली आयर्नमन ७०.३ स्पर्धा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून ११३ किलोमीटर, म्हणजेच नावातले ७०.३ मैल. तोवर ही हौस पुरवायला परदेशी जावं लागे. गोव्याने ती पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिकच्या माणसाच्या एका रात्रीच्या प्रवासावर आणली. कोविडमुळे मध्ये खंड पडला, २०२२मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली, आणि आता मराठी मुलखातल्या कुठल्याही धावण्याच्या ग्रुपमध्ये ‘यंदा गोवा करायचं’ हे वाक्य ऐकू येतं.

हे वाक्य म्हणणाऱ्यांत बहुतेक जण धावणारे असतात. आधी दहा किलोमीटर, मग अर्धमॅरेथॉन, गुडघ्याने कुरकुर केली म्हणून सायकल, आणि दोन्ही जमतंय म्हटल्यावर तिसरा खेळ राहिला म्हणून ट्रायथलॉन. तो तिसरा खेळ म्हणजे पोहणं. तीस-पस्तीस किंवा पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने पहिल्या ट्रायथलॉनची तयारी कशी करावी, यावर भरपूर साहित्य उपलब्ध आहे: पुस्तकं, आठवड्यांचे तक्ते, प्रशिक्षकांची मतं, वैद्यकीय अभ्यास. हा सगळा पसारा आपल्या हवामानाच्या आणि आपल्या तलावांच्या संदर्भात वाचला की तयारीचं गणित कुठे चुकतं ते दिसतं. बहुतेक तक्ते पोहण्याला अंतराच्या मानाने वेळ देतात. ११३ किलोमीटरमध्ये १.९ म्हणजे दोन टक्केही नाहीत, म्हणून आठवड्यातले दोन तास पाण्यात आणि बाकी सगळं रस्त्यावर. ज्याला लहानपणापासून पोहता येतं त्याला हे ठीक आहे. ज्याला येत नाही त्याची स्पर्धा मात्र या दोन टक्क्यांतच घडते किंवा मोडते.

आपल्याकडे या खेळाची ओळख ज्यांच्यामुळे झाली त्यांच्याकडे पाहावं. मिलिंद सोमण यांनी २०१५मध्ये झुरिचची पूर्ण लांबीची आयर्नमन पन्नाशीच्या उंबरठ्यावर पार केली आणि वर्तमानपत्रांतून ती घरोघर पोहोचली. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी अनेक आयर्नमन पूर्ण केल्या आणि कित्येकांना या वाटेवर आणलं. दोघेही मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. त्यांच्याकडे पाहून ‘या वयात होऊ शकतं’ हा धडा घेतला गेला, आणि तो खराच आहे. पण पाणी ही त्यांची जुनी, पक्की जमीन होती, हे फारसं कुणी ध्यानात घेतलं नाही. धावण्यातून येणाऱ्याची जमीन वेगळी असते.

अंतर कोणतं निवडायचं, हा तयारीतला पहिला निर्णय. प्रचलित अंतरं चार आहेत. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. ऑलिम्पिक म्हणजे १.५, ४० आणि १०. मग गोव्यातली ती अर्धी, आणि शेवटी ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरची पूर्ण. जगभरचे अनुभवी प्रशिक्षक नवख्याला स्प्रिंटपासून सुरुवात करायला सांगतात. आपल्याकडे मात्र पहिलीच उडी अर्ध्यावर मारली जाते. कारण उघड आहे: नाव, पदक आणि फोटो त्या अंतराला आहेत, आणि लहान स्पर्धा कमी व दूरदूर होतात.

या खेळाचा इतिहास मात्र उलट सांगतो. आधुनिक ट्रायथलॉन २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या मिशन बे इथे जन्मली. एका धावण्याच्या क्लबमधल्या जॅक जॉनस्टन आणि डॉन शनाहन यांनी कामाच्या दिवशी संध्याकाळी गंमत म्हणून ती भरवली. सहाएक मैल धावणं, पाच मैल सायकल आणि पाचशे यार्डांच्या आसपास पोहणं, तेही तुकड्यातुकड्यांनी. शेवटपर्यंत पोहोचले ४६ जण. त्या संध्याकाळी भाग घेणाऱ्यांत नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी होत्या. या जोडप्यानेच पुढे फेब्रुवारी १९७८मध्ये हवाईत पहिली आयर्नमन भरवली. १५ जण निघाले, १२ जणांनी ती पूर्ण केली. म्हणजे आयर्नमनची कल्पना काढणारी माणसंसुद्धा आधी एका छोट्या, खेळकर स्पर्धेतून गेली होती. ऑलिम्पिकमध्ये २००० साली सिडनीत हा खेळ आला तोही लहान अंतराचाच.

पहिली स्पर्धा लहान असावी, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यामागे सुरक्षितपणापेक्षा शिकण्याचं कारण मोठं आहे. ट्रायथलॉन एकदा केल्याशिवाय कळत नाहीत अशा बऱ्याच गोष्टी असतात. गर्दीत पाण्यात उतरल्यावर छातीत काय होतं, ओल्या अंगाने जर्सी कशी अडकते, सायकलवरून उतरल्यावर पाय किती वेळ परके वाटतात. हे स्प्रिंटमध्ये दीड-दोन तासांत कळतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. अर्ध्या स्पर्धेत तेच शिकायला साडेआठ तासांपर्यंतची किंमत मोजावी लागते, आणि पोहण्याच्या १ तास १० मिनिटांच्या मुदतीत बसलं नाही तर सकाळीच सगळं संपतं. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या गोड्या पाण्यात पोहून होणारी ‘बर्गमन’ ही आपल्या भागातली ओळखीची स्पर्धा. तलावाला लाट नाही, काठ दिसतो. नवख्याने आधी असं पाणी शोधावं आणि समुद्र दुसऱ्या वर्षी गाठावा.

आता पाण्याकडे. प्रौढपणी पोहायला शिकण्याबद्दल दोन विचार आहेत. एक टेरी लॉफलिन या अमेरिकी प्रशिक्षकाचा, ‘टोटल इमर्शन’ नावाने गाजलेला. ताकद लावण्याआधी शरीर पाण्यात आडवं, लांब आणि शांत ठेवायला शिका. पाय बुडाले तर हात कितीही मारले तरी उपयोग नाही. दुसरा विचार पोहण्याच्या तलावावर वाढलेल्या प्रशिक्षकांचा: मीटर मोजा, फेऱ्या मारा, दमसास वाढेल तशी शैली सुधारेल. लहान मुलांच्या बाबतीत दुसरा खरा ठरतो, कारण त्यांच्याकडे वर्षं असतात. पस्तिशीतल्या धावपटूच्या बाबतीत मला पहिला विचार जास्त पटतो. धावपटूचे घोटे कडक आणि मांड्या जड असतात. पाय खाली जातात, ते वर ठेवायला तो लाथा झाडतो, आणि पन्नास मीटरमध्ये धापा टाकतो. चाळीस किलोमीटर सहज सायकल मारणारा माणूस तलावाच्या दुसऱ्या टोकाला दांडा धरून उभा राहतो, यात दमसास कमी असण्याचा काही संबंध नाही.

बहुतेक वेळा दोष श्वासात असतो. नवखा तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवतो आणि तोंड वर येताच आधी सोडून मग घ्यायला बघतो. तेवढा वेळ नसतो. अंगात कर्बवायू साठतो आणि मेंदू गुदमरल्याची सूचना देतो. पाण्यात असतानाच नाकातोंडाने सतत बुडबुडे सोडणं, आणि वर येताच फक्त आत घेणं, हे एवढं बसलं की महिन्याभरात शंभर मीटरचे चारशे होतात. यासाठी आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा चार वेळा चाळीस मिनिटं पाण्यात जाणं कितीतरी अधिक उपयोगाचं, कारण पाण्याची जाण दोन-तीन दिवसांच्या खंडातही मागे सरकते.

वेगाची धास्ती घेण्याचं कारण नाही. १.९ किलोमीटरला ७० मिनिटं म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. तलावावर हा वेग अगदी संथ समजला जातो. पण तलावाचा आकडा समुद्रात तसाच्या तसा चालत नाही. २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या, आणि प्रत्येक लांबीला भिंतीला रेटा देऊन काही मीटर फुकट मिळतात, अर्धा क्षण विसावाही मिळतो. खुल्या पाण्यात भिंत नाही, तळावरची काळी पट्टी नाही. सरळ जातोय असं वाटत असताना माणूस तिरका जातो आणि अंतर वाढवून घेतो. म्हणून दर सहा-आठ हातांनी डोळे जेमतेम पाण्याबाहेर काढून बोया बघायचा आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा, हे तलावातच घोटून ठेवावं लागतं. अख्खं डोकं वर काढलं की पाय बुडतात. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आपल्या मागच्या पिढीला डोकं वर ठेवूनच पोहायची सवय होती. त्या माणसांना पाण्याची भीती नसते, ही फार मोठी पुंजी, पण लांब अंतरासाठी डोकं खाली घालायला त्यांना नव्याने शिकावं लागतं.

पाश्चात्त्य पुस्तकं वाचताना एक फरक सतत लक्षात ठेवायला हवा. तिकडे थंड पाण्यासाठी वेटसूट घालतात. तो रबरी पोशाख शरीराला, विशेषतः पायांना, तरंगवतो, आणि कच्च्या पोहणाऱ्याचा अर्धा दोष झाकतो. आयर्नमनच्या नियमांत हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की वेटसूटचा लाभ घेऊन नेहमीच्या क्रमवारीत राहता येत नाही. गोव्याचा समुद्र ऑक्टोबरात त्याहून बराच उबदार असतो. त्यामुळे ‘पोहण्याची फार काळजी करू नका, वेटसूट सांभाळून घेईल’ हा त्या पुस्तकांतला दिलासा आपल्यासाठी नाही. खारं पाणी थोडं उचलून धरतं, तेवढाच आधार.

दिलासा देणारे नियम दुसरे आहेत, आणि ते बहुतेकांना माहीत नसतात. ट्रायथलॉनमध्ये कोणत्याही प्रकारे पोहता येतं. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर वळलेलं चालतं. दमछाक झाली तर बोया, कयाक किंवा लाइफगार्डचा फळा धरून थांबता येतं. त्याला धरून पुढे सरकायचं नाही, एवढीच अट. बहुतेक स्पर्धांत आता सगळ्यांना एकदम न सोडता थोडे थोडे जण पाण्यात सोडतात. घाबरल्यासारखं झालं की पाठीवर पडून आकाशाकडे बघत दहा श्वास घेणं हे कौशल्य आहे आणि त्याचा सराव करावा लागतो. माझ्या मते, ज्याला खोल पाण्यात पाच मिनिटं निवांत पाठीवर तरंगता येत नाही त्याने स्पर्धेचे पैसे भरू नयेत.

आपल्या हवामानाची अडचण तक्त्यांत कुठेच सापडत नाही. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला, म्हणजे तयारीचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर. नेमका याच काळात समुद्र खवळलेला असतो. कोळी बांधवही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात घालत नाहीत. नद्यांना पूर, तलाव गढूळ, आणि धरणांच्या जलाशयात उतरायला अनेक ठिकाणी एरवीही मनाई. रस्त्यांवर खड्डे आणि निसरडं. बारा किंवा सोळा आठवड्यांचा परदेशी तक्ता मागे मोजत आलं की खुल्या पाण्याचा सराव बरोबर पावसात येतो, आणि मग तो होतच नाही. माणूस थेट स्पर्धेच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा समुद्रात उतरतो.

तेव्हा वर्ष उलटं मांडावं लागतं. हिवाळ्यात तलावावर शिकणं सुरू करावं, आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, पाणी निवळ आणि शांत असताना, सोबत आणि सुरक्षा घेऊन खुल्या पाण्यात जितक्या वेळा जाता येईल तितक्या वेळा जावं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणाऱ्या समुद्री जलतरण स्पर्धेत लहान अंतराचे गटही असतात. ट्रायथलॉनआधीच्या वर्षी तिथे जाऊन आलेला माणूस अर्धी लढाई जिंकलेला असतो. पावसाळ्यात पोहण्याचा तलाव, घरात ट्रेनरवर लावलेली सायकल आणि धावणं. सप्टेंबर उतरता उतरता पुन्हा खुलं पाणी. पावसानंतर नदीपात्रात मैला मिसळतो हेही विसरू नये. पॅरिसमध्ये २०२४च्या ऑलिम्पिकची पुरुषांची ट्रायथलॉन सीन नदीचं पाणी पावसाने दूषित झाल्याने एक दिवस पुढे ढकलावी लागली होती. मुळा-मुठा किंवा पंचगंगेच्या शहरी पात्रात सराव करण्याचा विचार कुणी करत असेल तर तो सोडावा.

सायकलबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त चर्चा होते आणि सर्वांत कमी गरज तिचीच असते. स्प्रिंटसाठी हायब्रिड सायकल चालते, घरातली गिअरची सायकल नीट सर्व्हिसिंग करून चालते. टायरांत हवा, ब्रेक पक्के, सीटची उंची बरोबर आणि हेल्मेट चांगलं, एवढं असलं की लाखांच्या सायकलीचा विचार दुसऱ्या स्पर्धेनंतर करावा. पंक्चर मात्र स्वतः काढता आलं पाहिजे. स्पर्धेत बाहेरच्यांची मदत घेता येत नाही. हौशी गटात पुढच्याच्या मागे चिकटून वारा वाचवणं बहुतेक ठिकाणी बाद ठरतं. आयर्नमनमध्ये १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. ग्रुपने रांगेत सायकल चालवणाऱ्या आपल्या लोकांना एकट्याने, समोरचा वारा घेत, ठरलेल्या जोराने चालवायची सवय मुद्दाम करावी लागते.

धावण्याबद्दल धावणाऱ्याला काय सांगावं. सांगायचं ते एवढंच की सायकलवरून उतरून धावणं हा निराळा अनुभव आहे. पहिला किलोमीटर पाय जड लागतात आणि तरी वेग भलताच जास्त निघतो, कारण सायकलची गती डोक्यात भिनलेली असते. यासाठी ‘ब्रिक’ नावाचा सराव असतो: २० किलोमीटर सायकल, लगेच बूट बदलून दोन-तीन किलोमीटर धावणं. आठवड्यातून एकदा पुरे. त्याच वेळी कपडे, टॉवेल, हेल्मेट यांची मांडणी आणि क्रम पक्का करावा. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, नाहीतर दंड होतो.

जोर किती लावावा यावर नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या शरीरशास्त्रज्ञाचं निरीक्षण सर्वांना माहीत असावं: दमसासाच्या खेळांतले अव्वल खेळाडू आपल्या सरावापैकी सुमारे ८० टक्के सत्रं बोलता येईल इतक्या सोप्या वेगात करतात. हौशी माणूस उलट करतो. वेळ कमी म्हणून रोज मधल्या, दमवणाऱ्या वेगात धावतो. नोकरी, घर, मुलं सांभाळून आठवड्याला सहा-सात तास मिळणाऱ्याला स्प्रिंटसाठी तेवढे पुरतात, आणि पोहण्यात कच्चा असेल तर त्यातले निम्मे पाण्यात जावेत.

खाण्यापिण्याचा प्रश्न स्प्रिंटमध्ये जवळजवळ नसतो. अर्ध्या स्पर्धेत तो निर्णायक होतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं ही सर्वसाधारण शिफारस. केळी, खजूर, लिंबू-साखर-मिठाचं पाणी यांवर ती भागते. शेंगदाण्याची चिक्की चवीला चांगली, पण तिच्यातली चरबी पचायला वेळ घेते. सरावात पोटाला न मानवलेलं काहीही स्पर्धेत खाऊ नये. पाण्याबद्दल जुना सल्ला ‘तहान लागण्याआधी भरपूर प्या’ असा होता, आणि तो धोक्याचा आहे. बॉस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम घसरलेलं आढळलं, आणि त्याचा संबंध मुख्यतः अति पाणी पिण्याशी होता. तहान हाच खरा मार्गदर्शक, आणि घामाने कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडणाऱ्याने मीठही घ्यावं. गोव्यात तर धावण्याचा भाग उन्हं चढल्यावर येतो, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने शरीर थंड होत नाही. शरीराला अशा उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पुण्या-नाशिकच्या माणसाने शेवटच्या पंधरवड्यात काही सराव मुद्दाम दुपारी करावेत.

हृदयाबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. बळींत ८५ टक्के पुरुष, सरासरी वय ४७च्या आसपास. प्रमाण लाख सहभागींमागे १.७४, म्हणजे धोका अल्पच. ज्यांचं शवविच्छेदन झालं त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत हृदयाचा आधीचा दोष सापडला. आपल्याकडे हृदयविकार कमी वयात गाठतो हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे चाळिशीपुढच्या कुणीही, आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेल्या प्रत्येकाने, नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि गरजेप्रमाणे ताण चाचणी करून घ्यावी. स्पर्धेच्या सकाळी पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करावं, आणि छातीत काही वेगळं वाटलं तर हात वर करावा. आठ महिन्यांची मेहनत वाया जाईल या विचाराने हात वर न करणारी माणसंच सर्वांत जास्त धोक्यात असतात.

राहिला प्रश्न शिकण्याच्या सोयीचा, आणि इथे स्त्रियांची वाट पुरुषांहून अवघड आहे. बऱ्याच सार्वजनिक तलावांवर महिलांची वेगळी बॅच दुपारच्या किंवा सकाळी उशिराच्या अडनिड्या वेळी असते. नोकरी करणारी बाई तिथे पोहोचूच शकत नाही. पाऊण तासाच्या बॅचमध्ये कपडे बदलणं धरून पाण्यात अर्धा तास मिळतो, गर्दीत सलग लांबी मारता येत नाही. पहाटेच्या अंधारात एकटीने सायकल काढणं हा निराळाच विषय. पाळीचे दिवस आणि पोहणं यांबद्दल मोकळेपणाने बोलणारी प्रशिक्षक मिळणं दुर्मिळ. अशा वेळी रिले हा पर्याय फार चांगला: तिघींनी मिळून एक पोहणार, एक सायकल, एक धावणार. गोव्यातही संघाने भाग घेता येतो. ज्या मैत्रिणीला पोहता येतं ती दुसऱ्या दोघींना पुढच्या वर्षापर्यंत पाण्यात आणते.

महापालिकांच्या तलावांवर सकाळी सहाच्या आधी किंवा रात्री आठनंतर प्रौढ शिकाऊंसाठी एक स्वतंत्र बॅच, त्यात दोन रांगा सलग पोहणाऱ्यांना राखून आणि काठावर स्त्री-प्रशिक्षक, एवढी मागणी प्रत्येक शहरातल्या धावण्याच्या आणि सायकलींच्या ग्रुपांनी एकत्र येऊन लेखी करायला हवी. हे ग्रुप मॅरेथॉनसाठी रस्ते बंद करून घेतात, पोलिसांची परवानगी मिळवतात. तलावाच्या वेळापत्रकासाठी अर्ज करणं त्यांना अवघड नाही, आणि नव्या वर्षाच्या बॅचा ठरण्याआधी तो द्यायला हवा.